भरीत, इतिहास आणि वजनाचा काटा

इतिहासात पहिल्या दिवसाला फार भाव आहे. स्वारीवर फौज निघाली तो दिवस, किल्ल्याचा पाया घातला तो दिवस, संस्था स्थापन झाली तो दिवस. साऱ्यांच्या तिथी, वार, नक्षत्रं नोंदलेली असतात. स्वारी निघाल्यानंतर एकतिसाव्या दिवशी पहाटे साडेपाचला त्या फौजेतल्या साध्या शिपायाला अंथरुणातून उठावंसं वाटलं की नाही, हे मात्र एकाही बखरकाराने लिहून ठेवलेलं नाही. बत्तीस वर्षं मी शाळेत इतिहास शिकवला, पण ही उणीव कधी डोळ्यांत भरली नव्हती. वजन कमी करायला निघालो आणि भरली.

पहिला दिवस कुणालाही जमतो. माझा तर देखणाच झाला होता. नवे बूट, नवी टोपी, हातात पाण्याची बाटली अशा थाटात मी मेहरूण तलावावर पोचलो, तेव्हा तिथे निम्मं जळगाव भेटलं. प्रत्येकाने थांबवून 'वा सर, आजपासून का?' असं विचारलं आणि प्रत्येकाला मी सविस्तर उत्तर दिलं. चालणं फारसं झालं नाही, पण व्यायाम केल्याचं समाधान पुरेपूर घेऊन घरी आलो. प्रश्न एकतिसाव्या दिवसाचा असतो. टोपी मळलेली असते, बुटांची अपूर्वाई संपलेली असते, काटा जागचा हललेला नसतो, 'आजपासून का?' विचारणारं कुणी उरलेलं नसतं, आणि गजर वाजतो.

निघण्याचं कारण सांगायला हवं. आमचे डॉक्टर हे माझेच विद्यार्थी. सनावळ्या पाठ होत नसत म्हणून मी त्यांना बाकावर उभं करीत असे. नियतीचा न्याय असा की त्यांनी मला काट्यावर उभं केलं. काट्याने शहाऐंशी दाखवले. "सर, सहा महिन्यांत आठ किलो," ते म्हणाले, "आणि साखर काठावर आहे." काठावर म्हणजे काय, असं मी विचारलं. "काठावर पास होणाऱ्या पोरांना तुम्ही काय सांगायचात?" असा त्यांनी उलट प्रश्न केला.

मी एरवी हसण्यावारी नेलं असतं. पण आमचं मूळ घर धुळ्याचं, आणि तिथे थोरले बंधू, आमचे दादा, असतात. त्यांचीही साखर पंधरा वर्षांपूर्वी अशीच काठावर होती. "बघू पुढे" असं ते म्हणाले होते. पुढे बघता बघता त्यांच्या डाव्या पायाचा अंगठा गेला. हल्ली दादा ओट्यावर बसतात ते पायांत मोजे घालून, कुणी बघून विचारू नये म्हणून. धुळ्याच्या मे महिन्यात मोजे! ज्याने धुळ्याचा मे पाहिला आहे त्यालाच या वाक्याचं वजन कळेल.

आता खानदेशात राहून तोंडावर ताबा ठेवायचा म्हणजे काय, हे घाटावरच्या आणि कोकणातल्या वाचकांना थोडं समजावून सांगितलं पाहिजे. शेवभाजीच्या वाटीत वाकून पाहिलं तर आपला चेहरा दिसला पाहिजे, असा इथला दंडक आहे. तेलाचा तेवढा तवंग नसेल तर पाहुण्याला वाटतं की यजमान अडचणीत आहे. थंडी पडली की शेतात कपाशीच्या पऱ्हाट्या पेटतात. त्यांच्या जाळावर हिरवी वांगी भाजली जातात, लाकडी बडजीत मिरच्या-लसणाबरोबर ठेचली जातात, वर शेंगदाणे, कांद्याची पात आणि हात न आखडता सोडलेलं तेल. जोडीला कळण्याच्या पुऱ्या. पुरीसुद्धा तळलेलीच, हे लक्षात आलं असेल. "जेवाले बठा, जिभाऊ," असा आग्रह झाला की 'नको' म्हणणं हा मागच्या तीन पिढ्यांचा अपमान असतो. २०१६ साली जळगावच्या भरिताच्या वांग्याला आणि केळ्याला सरकारचं भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा माझ्या पोटालाच राजमान्यता मिळाल्यासारखं वाटलं होतं.

तेव्हा डॉक्टरांकडून आलेला कागद खिशात घालून मी तडक कपाटातल्या पुस्तकांकडे वळलो. (ही म्हणाली, "चालायला सांगितलंय, वाचायला नाही." पण इतिहासाच्या माणसाला आधीचे दाखले पाहिल्याशिवाय पाऊल उचलवत नाही.) माझ्याआधी हा उद्योग कुणी केला, आणि केला तर टिकवला कसा, एवढंच मला पाहायचं होतं.

वजन उतरवण्याच्या छापील इतिहासाचा आद्यपुरुष सापडला तो लंडनमध्ये. विल्यम बँटिंग त्याचं नाव. धंद्याने तो अंत्यविधीचा सगळा सरंजाम पुरवणारा. वेलिंग्टनच्या ड्यूकसारख्यांची शेवटची व्यवस्था त्याच्या घराण्याच्या पेढीने केलेली. उंची साडेपाच फुटांच्या आत आणि वजन २०२ पौंड. स्वतःच्या बुटाच्या नाड्या बांधता येईनात, जिना उतरायचा तर पाठमोरं, एकेक पायरी. कुणा डॉक्टरने त्याला व्यायाम म्हणून नाव वल्हवायला सांगितलं. गडी रोज पहाटे दोन-दोन तास वल्हवू लागला. दंडात बळ आलं, आणि त्याचबरोबर अशी भूक लागू लागली की वजन उतरण्याऐवजी वाढायला लागलं. शेवटी ऐकू कमी येतं म्हणून तो कानाच्या डॉक्टरकडे गेला, आणि त्या कानाच्या डॉक्टरने त्याच्या तोंडाला कुलूप घातलं: पाव, लोणी, दूध, साखर, बिअर, बटाटा बंद. वर्षभरात शेहेचाळीस पौंड, म्हणजे जवळजवळ एकवीस किलो उतरले. १८६३ साली त्याने हा अनुभव छापून काढला, तो इतका गाजला की त्याच्या आडनावाचं इंग्रजीत क्रियापद झालं. स्वीडनमध्ये आजही वजनासाठी जेवण आवरण्याला 'बांटा' म्हणतात. अशा रीतीने दुसऱ्यांच्या शवपेट्यांची मापं घेणारा हा गृहस्थ स्वतः एक्क्याऐंशी वर्षं जगला.

बँटिंगच्या नावेची गोष्ट वाचली आणि मला मेहरूण तलावाचा उलगडा झाला. तिथे गेली वीस वर्षं नेमाने चालणारी आणि गेली वीस वर्षं नेमाने तेवढीच जाड असणारी मंडळी मी पाहत होतो. चालून झालं की सगळे गाडीवर पोह्यांना थांबतात. पोह्यांवर शेव, शेवेवर तर्री, आणि 'आज दोन फेऱ्या जास्त झाल्या' म्हणून शेवटी जिलबी. मी एकदा कागदावर हिशेब मांडला. माझ्या वजनाचा माणूस पाऊण तास झपाझप चालला तर अडीचशेच्या आसपास कॅलरी खर्च होतात. मोठे दोन चमचे तेल म्हणजे साधारण दोनशे चाळीस. म्हणजे पाऊण तासाची पायपीट ही शेवभाजीच्या एका वाटीवरच्या तवंगाबरोबर फिट्टंफाट. जळगावसारख्या व्यापारी गावात हा हिशेब कुणाला कळू नये याचं नवल वाटतं. की कळतो म्हणूनच कुणी मांडत नाही?

वजन उतरतं ते मुख्यतः ताटात, आणि उतरलेलं जागेवर राहतं ते पायांमुळे, असं हल्लीचे जाणकार सांगतात. ताटाचं मी पुढे बोलेन. आधी पायांचं.

बँटिंगचं पुस्तक ज्या १८६३ साली निघालं, त्याच साली आपल्याकडे एक माणूस जन्माला आला, त्याच्याइतकं पायांनी चाललेलं संशोधन महाराष्ट्रात दुसरं नसेल. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. कुणा इनामदाराच्या माळ्यावर, कुणा देवळाच्या कोनाड्यात जुनी दप्तरं पडली आहेत असं कानावर आलं की हे निघाले. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि पुढे खंड झाले बावीस. जेवण साधं, हाताने रांधलेलं. उतारवयात ते आमच्या धुळ्याला आले आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी तिथेच वारले. पुढच्याच वर्षी गावाने त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं केलं. लहानपणी दादा मला हाताला धरून त्या मंडळात नेत. त्यांच्या चालण्याबरोबर राहायचं तर मला पळावं लागे.

राजवाड्यांना कुणी विचारलं असतं की 'शास्त्रीबुवा, रोज चालायचा उत्साह कसा टिकवता?' तर त्यांनी काय उत्तर दिलं असतं, याची कल्पना त्यांच्या प्रस्तावना वाचलेल्यांनी करावी. विचारणाऱ्याची सात पिढ्यांची व्युत्पत्ती निघाली असती. ते चालण्यासाठी चालतच नव्हते. रस्त्याच्या टोकाला दप्तर होतं. मी तलावाभोवती फिरतो तेव्हा टोकाला काय असतं? जिथून निघालो तेच फाटक. घाण्याच्या बैलाला उत्साह टिकवण्याची अडचण का येते, हे मला त्या दिवशी उमगलं, आणि निदान त्याच्या फेऱ्यांतून तेल तरी निघतं.

हे सारं मी उत्साहाने हिला सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "मग तुमच्या राजवाड्यांना म्हणावं, दळण टाकून या." तेव्हापासून दळण, दूध, भाजी, वीजबिल, नातवाची राहिलेली वही हे सगळं पायी. स्कूटर पुसून ठेवली आहे. परतताना हातात पिशवी असते, त्यामुळे फुकट गेलो असं वाटत नाही. घरात माझ्याविषयीचं मतही थोडं सुधारलं आहे.

आसोदं जळगावच्या कुशीतलंच गाव. त्याची वांगी प्रसिद्ध, आणि त्याहून प्रसिद्ध तिथल्या लेक बहिणाबाई चौधरी. १८८० साली जन्मलेल्या. जात्यावर, शेतात, विहिरीवर आयुष्य गेलं, आणि काम करता करता ओव्या सुचत गेल्या. ज्या बाईला पहाटे उठून घरच्या माणसांपुरतं पीठ पाडायचं आहे, तिला 'आज मूड नाही' ही सोयच नव्हती. भरिताचं तेल त्या पिढीला बाधलं नाही कारण सूर्य मावळेपर्यंत ते शेतात जिरत होतं. आपण तेल तेवढं वारशात घेतलं आणि शेत विकून प्लॉट पाडले.

पण दळण संपतं. वीजबिल महिन्यातून एकदाच येतं. कामाशिवाय निव्वळ व्यायाम म्हणून व्यायाम जन्मभर केलेला माणूस मला हवा होता, आणि तो राजाच निघाला. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. १८९७ साली त्यांनी सँडो या जर्मन पहिलवानाची पुस्तकं आणि यंत्रं विकत आणली आणि त्याबरहुकूम सलग दहा वर्षं व्यायाम केला. दहा वर्षं! आमच्या आळीत अशी यंत्रं चार घरांत आहेत आणि चारही ठिकाणी त्यांच्यावर टॉवेल वाळतात. पुढे १९०८ च्या सुमारास मिरजेच्या राजेसाहेबांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि शेवटपर्यंत वळलेलेच राहिले. स्वतः घालत, राणीसाहेब आणि मुलं घालत, संस्थानातल्या शाळांत सक्तीने घातले जात. १९२८ साली त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिलं, आणि १९३८ साली तर लंडनच्या प्रकाशकाने त्यांचं दहा आसनांचं तंत्र साहेबाच्या बायकांपुढे ठेवलं.

सगळा महाराष्ट्र नमस्कार घालू लागला म्हटल्यावर अत्र्यांना स्वस्थ बसवणं शक्य नव्हतं. १९३३ साली 'साष्टांग नमस्कार' हे नाटक आलं आणि नमस्कारांनी सर्व काही साधतं म्हणणाऱ्यांवर थिएटरं हसून लोळली. हसल्याने पोटाला व्यायाम होतो म्हणतात, तेव्हा एकूण हिशेबात फायदाच झाला. पण मला राजेसाहेबांची युक्ती फार मोलाची वाटते. प्रत्येक नमस्काराला सूर्याचं एक नाव. नाव घेतलं की नमस्कार मोजला गेला. बारा नावं झाली की एक आवर्तन. मनाला 'अजून किती राहिले?' असं विचारायला फटच ठेवलेली नाही. आणि घरात एकटा माणूस घालत नाही, सगळे घालतात. एकट्याचा आळस लपतो, रांगेतला दिसतो.

मोजण्यावरून आठवलं. आमच्या धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबा भावे होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून, असे अठरा रविवार त्यांनी गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. आमच्या खानदेशाचे हे केवढे भाग्य, की इतकं मोठं पुस्तक तुरुंगात घडलं आणि तो तुरुंग आमचा होता! सहावा रविवार २७ मार्चचा. त्या दिवशी विनोबा चित्ताच्या एकाग्रतेवर बोलले, आणि एकाग्रतेला काय लागतं ते सांगताना थेट ताटावर आले: औषध जसं मोजून घ्यायचं तसं जेवण आणि झोपही मापात हवी, इंद्रियांवर पहारा हवा, अशा अर्थाचं. ऐकणाऱ्या कैद्यांची त्या काळात मापाबाहेर जेवायची सोय नव्हती हे खरं. पण बोलणाऱ्या माणसाने पुढे १९५१ पासून तेरा वर्षं देश पायी पालथा घातला, रोज, पहाटेच्या अंधारात कंदील घेऊन. टोकाला जमीन होती. दुसऱ्यांची, दुसऱ्यांसाठी मागितलेली.

हल्ली मोजायचं काम मनगटावरचं घड्याळ करतं. मुलाने मला ते पाठवलं आणि 'रोज दहा हजार पावलं' असा आदेशही. दहा हजारच का, म्हणून मी शोधलं. १९६५ साली जपानात एका घड्याळ कंपनीने पावलं मोजायचं यंत्र काढलं आणि त्याचं नावच 'दहा हजार पावलांचं मापक' असं ठेवलं. टोकियोचं ऑलिंपिक नुकतंच झालेलं, लोकांना व्यायामाचं वेड, आकडा गोल. झालं! पुढे २०१९ साली अमेरिकेत सोळा हजारांवर वयस्क बायकांची पावलं मोजली, तेव्हा दिसलं की रोज चार हजार चारशे चालणाऱ्यासुद्धा सत्ताविसशेवाल्यांपेक्षा पुष्कळ बऱ्या, आणि साडेसात हजारांच्या पुढे फायदा फारसा वाढत नाही. हे मी मुलाला कळवलं. "बाबा, तुम्ही सत्तावीसशेसुद्धा करत नव्हता," असं उत्तर आलं. मुलांना शिकवू नये हेच बरं.

आता ताट. २०१८ च्या सुमारास आपल्या महाराष्ट्रात दोन पंथ उदयाला आले, हे आपल्याला आठवत असेल. एक डॉक्टर जगन्नाथ दीक्षितांचा: दिवसातून दोनदाच जेवा, पंचावन्न मिनिटांत उरका, आणि पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. मूळ कल्पना श्रीकांत जिचकारांच्या व्याख्यानातली, असं दीक्षित स्वतःच सांगतात. दुसरा ऋजुता दिवेकरांचा: थोडं थोडं, दर दोन तासांनी खा, आणि तुपाला भिऊ नका. आमच्या इमारतीत तळमजला दीक्षितांचा झाला आणि वरचा मजला दिवेकरांचा. स्वयंपाकाच्या बाई एकच. त्यांचे जे हाल झाले ते कुठल्याही धर्मयुद्धात मधल्या गावांचे होतात तसे. माझे शेजारी नाना समन्वयवादी. त्यांनी दोन्ही पंथ एकत्र केले: दर दोन तासांनी, पंचावन्न मिनिटं.

मी डॉक्टरांना विचारलं, यातला खरा कोण? ते म्हणाले, "सर, जो तुमच्याकडून दोन वर्षं होईल तो." मग त्यांनी मला एक फोटो दाखवला. २००४ साली 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आलेला. त्यात दोन डॉक्टर: पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन. उंचीच्या मानाने दोघांचं वजन अगदी सारखं, बॉडी मास इंडेक्स दोघांचाही २२.३. पण युडकिनसाहेबांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. दिसायला दोघे सारखेच सडपातळ. याज्ञिकांनी स्वतःचंच उदाहरण देऊन सांगितलं की आपण भारतीय बारीक दिसतो, पण आतून जाड असतो, आणि साखर आपल्याला लवकर गाठते.

फोटो पाहिला आणि मी काही वेळ बोललो नाही. दादा कधीच जाड नव्हते. काडीसारखी शरीरयष्टी. "मला कसली आलीय साखर, साखर लठ्ठांना होते," असं ते म्हणत आणि आम्ही सगळे, शेजारपाजारासकट, माना डोलवत असू. मी लठ्ठ, तेव्हा काळजी माझी व्हायची. अंगठा त्यांचा गेला.

त्याच संध्याकाळी मी धुळ्याला फोन लावला. "दादा," म्हटलं, "एक काम आहे. मी रोज चालणार आहे. रात्री आठला तुम्हाला फोन करीन, किती चाललो ते सांगेन. तुम्ही लिहून ठेवायचं." दादा आयुष्यभर कोर्टात नाझर होते. नोंद म्हटली की त्यांचा जीव की प्राण. त्यांनी लगेच वही घातली, लाल रेघा मारल्या, रकाने पाडले: तारीख, पावलं, जेवण, शेरा. मला काय, सोपं वाटलं होतं. पण 'शेरा' या रकान्याचा धाक काय असतो ते पुढे कळलं. कोर्टाच्या माणसाला 'जरा कंटाळा आला' हे कारण चालत नाही. "दाखला?" असं विचारतात.

सवय एकवीस दिवसांत लागते असं सगळीकडे सांगतात, त्याचाही छडा मी लावला. १९६० साली एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनने लिहिलं होतं की नाक बदललेल्या माणसाला नव्या नाकाची सवय व्हायला निदान एकवीस दिवस लागतात. नाकाचं ते पुढे सगळ्या देहाला लावलं गेलं. लंडनमध्ये शहाण्णव माणसांवर खरोखर पाहणी झाली, तेव्हा सवय अंगवळणी पडायला सरासरी सहासष्ट दिवस लागले. कुणाला अठरा, तर कुणाचा हिशेब दोनशे चोपन्न दिवसांपर्यंत गेला. आणि त्यातली सगळ्यात दिलासा देणारी गोष्ट ही की मधे एखादा दिवस चुकला तरी काही बिघडत नाही. मी हे दादांना मोठ्या आशेने सांगितलं. त्यांनी शेरा लिहिला: 'खाडा क्षम्य. सलग दोन नाहीत.' हा निकाल मला लंडनच्या पाहणीपेक्षा शहाणपणाचा वाटतो.

माझा एकतिसावा दिवस जूनमध्ये आला. आदल्या रात्री पाऊस झालेला, गारवा, पांघरूण अंगाभोवती. बखरकाराने लिहून ठेवावं असं त्या पहाटे माझ्या मनात काही नव्हतं. ना आरोग्य, ना शिवाजी महाराज. फक्त रात्री आठला दादा विचारतील 'दाखला?', एवढंच होतं. उठलो. फाटकावर जिभाऊ उभे होते. तेही याच भरवशावर आले होते की मी येईन. आम्ही दोघंही एकमेकांच्या भीतीने चाललो.

ताटाचं म्हणाल तर तवंग काढायला शिकलो आहे. शेवभाजी समोर आली की वाटी कलती करून वरचं तेल हलक्या हाताने दुसऱ्या वाटीत ओततो. पहिल्यांदा हे केलं तेव्हा आमच्या मेहुण्यांनी माझ्याकडे, मी जानवं काढून ठेवल्यासारखं पाहिलं. भाकरी दोनाऐवजी एक. केळं सोडलेलं नाही, केळ्याचे वेफर सोडले. भरीत महिन्यातून एकदा, आणि त्या दिवशी जागेवर पायी जायचं, असा दादांच्या वहीत लेखी करार आहे. सहा महिन्यांत आठ किलो काही झाले नाहीत. पाच झाले. डॉक्टरांनी कागद पाहिला, साखर काठावरून आत सरकली होती. "बासष्ट टक्के," ते म्हणाले, "द्वितीय श्रेणी." बाकावरचा सूड अजून संपलेला दिसत नाही.

गेल्या महिन्यात धुळ्याला गेलो तेव्हा वही प्रत्यक्ष पाहिली. माझे रकाने डावीकडे, अक्षर मोत्यासारखं. उजवीकडे एक रकाना मला न सांगितलेला होता. आकडे छोटे: दोनशे, दोनशे चाळीस, तीनशे दहा. "हे काय?" मी विचारलं. दादा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ते माझे. डॉक्टरांनी नवे बूट दिलेत, पुढे कापूस भरलेले. पिंपळापर्यंत जातो आणि येतो." शेऱ्याच्या जागी बहुतेक दिवशी काही नव्हतं. एका दिवशी लिहिलं होतं, 'मोजे न घालता.'

परवा जिभाऊंच्या शेतात भरीत होतं. पायी गेलो, पायी आलो. आठला फोन वाजला, कारण हल्ली मी करायच्या आत तेच करतात.

"पावलं?"

"अकरा हजार तीनशे," मी जरा ऐटीतच म्हणालो.

पलीकडे पेनाचा आवाज झाला. "जेवण?"

"भरीत. करारातलं."

"पुऱ्या किती?"

फोनवर मधेच खरखर येते हो आमच्याकडे, विशेषतः थंडीत.